विहिरीवरील मोटरीचा दाब कोठें नाहींसा होतो?
(विजेच्या मंडलाचें साधें गणित)

विहिरीवरील मोटर एका वर्षांत दोन वेळां जळाली म्हणजे आपण प्रथम ती तयार करणाऱ्या कारखान्यास दोष देतों, मग वाइंडिंग भरणाऱ्या कारागिरास, आणि अखेर आपल्या दैवास. मीटरच्या पेटीपासून विहिरीपर्यंत पसरलेली जी शेंदीडशें मीटर तार आपण स्वतःच बाजारांतून भाव पाहून आणलेली असते, तिची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. आमच्या परिचयांतील एका बागाईतदार गृहस्थांचा अनुभव असाच आहे. त्यांची मोटर एका उन्हाळ्यांत दोनदां जळाली. तिसऱ्या खेपेस त्यांनीं नवी मोटर आणली. तीहि घटकाभर चालली कीं इतकी तापे कीं, तिला हात लावण्याची सोय नसे. शेवटीं कागद व पेन्सिल घेऊन वाटेचा हिशेब मांडला, तेव्हां दोष मोटरीचा नसून तारेचा आहे असें निष्पन्न झालें; आणि तो हिशेब करीत असतां त्याहूनहि मोठा एक धोका दृष्टीस पडला. हा हिशेब कसा करावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. त्यास गुणाकार-भागाकारापलीकडील गणित लागत नाहीं.

दाब, प्रवाह आणि रोध

उंच टांकींतून नळानें शेतांत पाणी आणतांना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. टांकीच्या उंचीमुळें मिळणारा दाब ही पहिली. दर मिनिटास नळांतून किती पाणी वाहतें ही दुसरी. आणि नळाची लांबी व अरुंदपणा यांमुळें पाण्यास होणारा अडथळा ही तिसरी. विजेचेंहि तसेंच आहे. तिचा दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपियरांत मोजतात, आणि तारेचा किंवा उपकरणाचा अडथळा, म्हणजे रोध, ओहमांत मोजतात. जर्मनींतील गेओर्ग ओहम या शाळाशिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या तिघांचा संबंध सांगितला, तो असा: प्रवाहास रोधानें गुणिलें असतां दाब येतो. अर्थात् दाबास रोधानें भागिलें तर प्रवाह, आणि दाबास प्रवाहानें भागिलें तर रोध मिळतो. याच्या जोडीस एवढें ध्यानांत ठेवावें कीं, दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॅट.

उदाहरणार्थ, घरांतील १००० वॅटची इस्त्री घ्या. तिच्यावर २३० व्होल्ट लिहिलेले असतात. १००० ला २३० नें भागिलें म्हणजे प्रवाह सुमारें ४.३५ अँपियर, आणि २३० ला ४.३५ नें भागिलें म्हणजे रोध सुमारें ५३ ओहम. कोणतेंहि यंत्र न उघडतां, केवळ त्यावरील पट्टी वाचून, त्याचा रोध याप्रमाणें सांगतां येतो.

येथें एक मर्यादा सांगणें अवश्य आहे. तार, इस्त्री, पाणी तापविण्याचा हीटर यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. मोटर हा नुसता रोध नव्हे. तिच्या अंगीं चुंबकाचे व्यापार असल्यामुळें तिच्यापुरतीं उत्तरें स्थूलमानानेंच खरीं मानावीं. परंतु मोटरीकडे जाणारी तार नुसता रोधच असते, आणि आपला प्रश्न तारेचा आहे.

तारेचा रोध कसा काढावा

एक हजार मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर जाड अशा तांब्याच्या तारेचा रोध सुमारें १८ ओहम असतो. ॲल्युमिनियमच्या तारेचा सुमारें ३० ओहम. लांबी वाढली कीं रोध त्याच प्रमाणांत वाढतो, आणि जाडी वाढली कीं त्याच प्रमाणांत घटतो. तारेच्या वेटोळ्यावर जो २.५, ४ किंवा ६ असा आंकडा असतो, तो या चौरस मिलिमीटरांचा होय.

आमच्या गृहस्थांची विहीर मीटरच्या पेटीपासून १५० मीटर दूर होती. वीज एका तारेनें जाते व दुसऱ्या तारेनें परत येते; म्हणून हिशेबांत ३०० मीटर धरावे. हा जाण्यायेण्याचा दुप्पटपणा विसरणें ही पहिली चूक होय, आणि ती फार लोक करतात. तार तांब्याची, २.५ ची होती. तेव्हां १८ गुणिलें ०.३, भागिलें २.५, म्हणजे रोध २.१६ ओहम. मोटरीच्या पट्टीवर प्रवाह १० अँपियर लिहिला होता. १० गुणिलें २.१६ म्हणजे २१.६ व्होल्ट. पेटीपाशीं २३० व्होल्ट असले, तरी विहिरीवर जेमतेम २०८ पोंचणार. तूट शेंकडा ९ हून अधिक झाली, आणि ती केवळ वाटेंत!

एकसर जोडणी: दाबाची वांटणी

एकापुढें एक अशा जोडलेल्या रोधांतून एकच प्रवाह वाहतो. यास एकसर जोडणी म्हणतात. तींत सर्व रोधांची नुसती बेरीज करावयाची असते. आणि एकूण दाब प्रत्येक रोधाच्या वांट्यास त्याच्या त्याच्या प्रमाणांत येतो. ज्याचा रोध अधिक तो दाब अधिक खातो. पेटीपासूनची तार व विहिरीवरील मोटर हीं एकसर जोडलेलीं आहेत; म्हणून तार जितकी बारीक, तितका मोटरीचा वांटा कमी.

मोटर सुरू होण्याच्या क्षणीं हें फार जाणवतें. स्थिर असलेली मोटर पहिल्या झटक्यास नेहमींच्या पांचपटीइतका, म्हणजे येथें सुमारें ५० अँपियर, प्रवाह मागते. २३० ला ५० नें भागिल्यास त्या क्षणापुरता मोटरीचा रोध ४.६ ओहम धरतां येईल. त्यांत तारेचे २.१६ मिळविले म्हणजे एकूण ६.७६ ओहम. २३० पैकीं मोटरीचा वांटा ४.६ भागिलें ६.७६, म्हणजे सुमारें १५६ व्होल्ट. मोटरीची फिरविण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून दाब दोनतृतीयांश राहिला कीं ताकद निम्म्याहूनहि खालीं येते. मोटर नुसती घुमते, फिरत नाहीं, आणि घुमत असतांना भट्टीसारखी तापते. मोटर नुसता रोध नसल्यामुळें प्रत्यक्षांतील दाब यापेक्षां किंचित् बरा असतो, इतकेंच. हाच हिशेब ६ च्या तारेनें केला, तर तिचा रोध ०.९ ओहम येतो, व सुरू होतांना मोटरीस सुमारें १९२ व्होल्ट मिळतात. मोटर तीच, विहीर तीच; फरक तेवढा तारेचा.

समांतर जोडणी: प्रवाहाची वांटणी

एका पाटास दोन चाऱ्या फोडल्या म्हणजे पाणी दोन्हींतून जातें; रुंद चारींतून अधिक, अरुंद चारींतून कमी. पण अरुंद चारी कोरडी राहत नाहीं. दोन रोध शेजारीं शेजारीं जोडले असतां विजेचेंहि असेंच होतें. दोघांवर दाब सारखाच असतो, आणि प्रवाह रोधाच्या व्यस्त प्रमाणांत वांटला जातो. दोघांचा मिळून रोध काढावयाचा असल्यास त्यांच्या गुणाकारास त्यांच्या बेरजेनें भागावें. उत्तर नेहमीं दोहोंपैकीं लहानाहूनहि लहान येतें. कारण वाट वाढली कीं अडथळा घटतो.

याचा उपयोग पाहा. ज्यांच्या जमिनींत २.५ ची तार अगोदरच पुरलेली आहे, त्यांनीं ती उपटून टाकण्याची गरज नाहीं. तिच्या जोडीस ४ ची तार घातली, तर तिचा रोध १.३५ ओहम येतो. २.१६ गुणिलें १.३५, भागिलें त्यांची बेरीज ३.५१, म्हणजे दोन्ही तारांचा मिळून ०.८३ ओहम. जुनी तार कामीं आली, आणि तूट २१.६ व्होल्टांवरून ८.३ वर आली. मात्र दोन्ही तारा सारख्याच लांबीच्या असाव्या व टोकांस पक्क्या बांधलेल्या असाव्या. एक तार तुटल्यास सर्व भार दुसरीवर पडतो. म्हणून फ्यूज बारीक तारेस झेपेल इतकाच ठेवावा.

किर्खोफचे दोन नियम व घरगुती परीक्षा

मंडल कितीहि गुंतागुंतीचें असो, त्याचा हिशेब दोन नियमांनीं सुटतो. हे नियम गुस्ताव किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञानें १८४५ सालीं, विद्यार्थिदशेंत असतांनाच, मांडले. पहिला नियम असा कीं, कोणत्याहि सांध्यावर जितका प्रवाह येतो तितकाच तेथून निघून जातो. पाटांत पाणी झिरपून जाईल. तारेंत तेंहि नाहीं. दुसरा नियम असा कीं, मंडलाची एक पूर्ण फेरी केली असतां मिळालेला दाब व ठिकठिकाणीं खर्च झालेला दाब यांचा जमाखर्च तंतोतंत जुळला पाहिजे. जुळत नसेल तर कोठें तरी चोरी आहे.

आमच्या गृहस्थांच्या शेतावर याच नियमानें चोर सांपडला. परवानाधारक वायरमनास बोलावून त्यांनीं पुढील परीक्षा केली. मोटर बंद असतांना पेटीपाशीं व विहिरीवर, दोन्ही ठिकाणीं दाब मोजला. दोन्हीकडे २३० व्होल्ट भरले. प्रवाह नसेल तेव्हां तूटहि नसते, हें येथें लक्षांत घ्यावें. रिकाम्या तारेवर मोजलेला पूर्ण दाब पाहून जे निर्धास्त होतात ते फसतात. नंतर विहिरीवरील खोलींत १००० वॅटची इस्त्री लावली आणि तिचा दिवा पेटलेला असतांना पुन्हां मोजलें. पेटीपाशीं २२९ व विहिरीवर २१८ व्होल्ट भरले. इस्त्रीचा रोध ५३ ओहम. म्हणून प्रवाह २१८ भागिलें ५३, म्हणजे सुमारें ४.१ अँपियर. पेटीपासून विहिरीपर्यंत खर्च झाला ११ व्होल्ट. ११ ला ४.१ नें भागिल्यास वाटेचा रोध येतो २.६८ ओहम. परंतु तारेचा हिशेबी रोध तर २.१६ च होता. उरलेले ०.५२ ओहम आले कोठून?

इस्त्रीवरील आंकडा थोडा मागेंपुढें असतो; म्हणून अशा परीक्षेंत शेंकडा पांचदहाची चूक धरून चालावें. येथें फरक जवळजवळ चतुर्थांशाचा होता, तो चुकीचा म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता. वायरमननें वीज बंद करून तार टोंकापासून टोंकापर्यंत तपासली. मध्यावर एका ठिकाणीं तार पूर्वीं तुटलेली होती, आणि गड्यानें ती नुसता पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती. पट्टी काळी पडली होती. त्या एका सांध्यांत अर्धा ओहम बसला होता. मोटर चालूं असतां १० अँपियरांचा प्रवाह तेथून वाहे. प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध इतक्या वॅटांची उष्णता उत्पन्न होते. म्हणजे १०० गुणिलें ०.५२, ५२ वॅट. कल्हईनें तार जोडणाऱ्या कारागिराच्या लहानशा विजेच्या डागणीइतकी ही उष्णता होय. आणि हा सांधा कडब्याच्या गंजीपासून हातभर अंतरावर होता. वर ज्या मोठ्या धोक्याचा उल्लेख केला तो हाच. मोटर जळाली तर काम आठ दिवस अडतें. गंज पेटली असती, तर गोठाहि वांचला नसता.

याच परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून आपल्या विहिरीपर्यंत कितीहि तारा, खांब व सांधे असोत, विहिरीवरून पाहतां तें सर्व प्रकरण एक दाब व त्याच्या पुढें एकसर जोडलेला एक रोध यांच्या बरोबरीचें असतें. थेवेनिन नांवाच्या फ्रेंच तारखात्यांतील अभियंत्यानें १८८३ सालीं हा सिद्धांत मांडला. आमच्या उदाहरणांत मोकळा दाब २३० व इस्त्रीसह २१८. तूट १२ व्होल्ट, प्रवाह ४.१, म्हणून तो एक रोध सुमारें २.९ ओहम. आतां मोटर न चालवितांच सांगतां येतें कीं, १० अँपियरांस २९ व्होल्ट जाणार व २०१ उरणार. ज्या संध्याकाळीं लाइनचाच दाब २०० वर येई, त्या संध्याकाळीं मोटरीस १७१ वर भागवावें लागे. पाणी तितकेंच उचलावयाचें, दाब मात्र कमी; म्हणून मोटर प्रवाह अधिक ओढी, आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाइंडिंग तापे. मोटर कां जळत होती, याचें उत्तर येथें पुरें झालें.

अर्थिंगचा हिशेब

आतां अशा एका मंडलाचा विचार करूं कीं, ज्यांत चूक झाल्यास नुकसान पैशाचें होत नाहीं, जीवाचें होतें. मोटरीच्या आंतील फेजची तार आवरणास टेकली असें समजा. वीज आवरणांतून अर्थिंगच्या खड्ड्यांत, तेथून जमिनींतून ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यांत, आणि तेथून परत, अशी फेरी करते. तारेचा रोध १ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्याचा ५ ओहम, आणि आपण कोरड्या मुरमांत नुसती सळई ठोकली असल्यास तिचा ५० ओहम धरूं. एकूण ५६. प्रवाह २३० भागिलें ५६, म्हणजे ४.१ अँपियर. १६ अँपियरांच्या फ्यूजला याची वार्ताहि लागत नाहीं. मोटर कदाचित् चालूंच राहते, आणि तिच्या आवरणावर ४.१ गुणिलें ५०, म्हणजे २०५ व्होल्ट उभे असतात.

वीज सोप्या वाटेनेंच जाते, अर्थिंग असतां माणसास धक्का बसत नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. तो अरुंद चारीच्या दृष्टान्तानें खोटा ठरतो. ओल्या पायांनीं उभ्या असलेल्या माणसाचा रोध सुमारें १००० ओहम धरला, तर २०५ व्होल्टांनीं त्याच्या देहांतून ०.२ अँपियर प्रवाह जाईल. प्राण जाण्यास याहून फार थोडा पुरतो. खड्डा चांगला खोल, कोळसा-मीठ घालून व पाणी पाजून ४ ओहमांवर आणला, तर एकूण १० ओहम व प्रवाह २३ अँपियर होईल. फ्यूज कदाचित् उडेल, पण विलंबानें. आणि तोंपर्यंत आवरणावर ९२ व्होल्ट राहतील. म्हणजे चांगलें अर्थिंग अवश्य आहेच, पण तें एकटें पुरेसें नाहीं. जाणाऱ्या व परत येणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपियरांचा फरक पडतांच वीज तोडणारा जो खटका बाजारांत आर.सी.सी.बी. या नांवानें मिळतो, तो विहिरीवर अवश्य बसवावा. किर्खोफचा पहिला नियमच त्या खटक्यांत राबतो: गेलेलें सर्व परत आलें नाहीं, तर उरलेलें कोणाच्या तरी देहांतून किंवा जमिनींतून जात आहे. त्याच कारणास्तव, परतीची तार वांचविण्यासाठीं जमिनीचाच परतीस उपयोग करण्याची जी रीत कोठें कोठें आढळते, ती ताबडतोब बंद करावी.

तार घेण्यापूर्वीं

तार विकत घेण्यापूर्वींच हा हिशेब उलटा मांडावा. दाबाची तूट शेंकडा ५ हून अधिक होऊं देऊं नये. २३० चे शेंकडा ५ म्हणजे ११.५ व्होल्ट. १० अँपियरांच्या मोटरीस वाटेचा रोध ११.५ भागिलें १०, म्हणजे १.१५ ओहमांपर्यंत चालेल. १८ गुणिलें ०.३, भागिलें १.१५, म्हणजे ४.७ चौरस मिलिमीटर. बाजारांत ४ नंतर ६ ची तार मिळते. म्हणून ६ ची घ्यावी. ॲल्युमिनियमची घेणें असल्यास १८ च्या जागीं ३० धरावे. तेव्हां १० ची तार त्याच योग्यतेची ठरते.

तीन फेजच्या मोटरीस परतीची तार नसते. तेथें एकाच तारेच्या लांबीचा रोध घ्यावा, त्यास प्रवाहानें व पुन्हां १.७३ नें गुणावें, आणि येणारी तूट ४१५ व्होल्टांशीं ताडून पाहावी. त्याच १५० मीटरांवर २.५ च्या तांब्याच्या तारेनें, ७.५ अँपियर घेणाऱ्या ५ अश्वशक्तीच्या मोटरीस १४ व्होल्टांची, म्हणजे शेंकडा साडेतीनाहूनहि कमी, तूट येते. लांबच्या विहिरीस तीन फेजची जोडणी कां बरी, हें यावरून कळेल.

जाड तार महाग पडते ही तक्रार खरी आहे. परंतु बारीक तारेंत १० अँपियरांस २१६ वॅट नुसते तापण्यांत जातात, ६ च्या तारेंत ९०. दिवसाचे आठ तास मोटर चालली, तर रोजचें एक युनिट वांचतें. शेतीपंपास वीज सवलतीची असली, तरी वाइंडिंगची मजुरी व वेळेवर पाणी न मिळालेलें पीक यांस सवलत नाहीं.

आमच्या गृहस्थांनीं तो सांधा काढून टाकला, ६ ची अखंड तार घातली, आणि गळतीचा खटका बसविला. मोटर तीच आहे. आतां तिच्यावर हात ठेवतां येतो. आपणहि येत्या हंगामापूर्वीं, मोटर बंद असतां व चालूं असतां, विहिरीवरील दाब जाणत्या वायरमनाकडून मोजून घ्यावा व दोन्ही आंकडे वहींत टिपून ठेवावे. पुढें मोटर कुरकुरूं लागली, तर तिला खोलण्यापूर्वीं ती वही उघडावी.